कुप्याच्या कण्यातला हीट एक्स्चेंजर

आमच्याकडे रत्नागिरीत कुपा हा काही मानाचा मासा नाही. पाहुणे आले की पापलेट नाहीतर सुरमई, रोजच्याला बांगडा, आणि बाजारात स्वस्त दिसला तर कुपा. कापायला बसल्यावर आई सगळ्यात आधी कण्याजवळचा काळपट-लाल मांसाचा पट्टा काढून टाकते. "रक्ताचा मासा आहे मेला, चार पाण्यांनी धुतल्याशिवाय वास जात नाही," हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलोय. तो पट्टा मांजराला जायचा.

थर्ड इयरला हीट ट्रान्स्फर लॅबमध्ये डबल पाइप हीट एक्स्चेंजरचं प्रॅक्टिकल असतं. एकदा पॅरलल फ्लो, एकदा काउंटर फ्लो, चार थर्मामीटर, आणि जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या मुलांची रीडिंग्ज (हे छापू नका!). व्हायवाला सरांनी विचारलं, "निसर्गात काउंटर फ्लो कुठे आहे?" मी गप्प. सर म्हणाले, "तू कोकणातला ना? मग तू तो खाल्लेला आहेस." तेवढ्यावर त्यांनी पुढचा रोल नंबर बोलावला. लायब्ररीत दोन आठवडे घालवल्यावर उत्तर सापडलं. मांजराला जाणारा तो काळा पट्टा आणि त्याच्या शेजारचं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, हाच तो एक्स्चेंजर. शोधता शोधता गोष्ट हीट ट्रान्स्फरवरून कंट्रोल सिस्टिम्सपर्यंत गेली, म्हणून हा लेख.

आधी ओळख करून घेऊ. कुपा म्हणजे ट्यूना. नावं गावागणिक बदलतात. कुठे कुपा, कुठे गेदर, आणि एकाच नावाखाली दोन-तीन जाती खपून जातात. शास्त्रज्ञ खऱ्या ट्यूनाच्या १५ जाती मानतात. त्यातली स्किपजॅक दोन-तीन किलोची, तर ब्लूफिन शेकडो किलोंची. आपले बांगडा आणि सुरमई याच कुळातले, म्हणजे ट्यूनाचे चुलतभाऊच. पण या भावांकडे जे नाही ते ट्यूनाकडे आहे : गरम शरीर.

मासा म्हणजे थंड रक्ताचा प्राणी, असं आपण शाळेत शिकलो. जॉन डेव्ही या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८३५ मध्येच लिहून ठेवलं होतं की त्याने ताज्या पकडलेल्या ट्यूनाच्या अंगात थर्मामीटर खुपसला तेव्हा पारा समुद्राच्या पाण्यापेक्षा दहा अंश सेल्सिअस वर गेला. हे कसं होतं त्याचा नीट छडा १९६० च्या दशकात अमेरिकेत वुड्स होल येथे फ्रान्सिस कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लावला.

यात एवढं नवल काय? स्नायू काम करतो, उष्णता निर्माण होते, अंग गरम होतं. मग बांगडा का गरम होत नाही? उत्तर कल्ल्यांमध्ये आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, एक लिटर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पाच. म्हणजे श्वासापुरता ऑक्सिजन मिळवायला माशाला प्रचंड पाणी कल्ल्यांवरून न्यावं लागतं, आणि कल्ल्याचा पडदा अतिशय पातळ ठेवावा लागतो. ऑक्सिजन जायला पातळ असलेला पडदा उष्णतेला तर सताड उघडा दरवाजाच, कारण उष्णता ऑक्सिजनपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. त्यामुळे कल्ल्यातून बाहेर पडणारं रक्त पाण्याच्याच तापमानाचं असतं. जणू इंजिनाचा रेडिएटर चोवीस तास समुद्रात बुडवून ठेवलाय.

आता कागद-पेन घ्या. लिटरभर रक्तात २०० मिलिलिटर ऑक्सिजन आहे असं धरू (हा चांगला सढळ आकडा झाला). स्नायूने १ मिलिलिटर ऑक्सिजन वापरला की साधारण २० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळीच्या सगळी उष्णता झाली असं माना. एकूण ४००० ज्यूल. रक्ताची विशिष्ट उष्णता पाण्याच्या आसपास, म्हणजे लिटरभर रक्त एक अंशाने तापवायला सुमारे ४००० ज्यूल लागतात. झालं! रक्त स्नायूतून एकदा फिरलं की फार तर एक अंशाने तापणार, आणि कल्ल्यात गेलं की तो एक अंशही समुद्राला. मासा कितीही जोरात पोहला तरी हिशेब बदलत नाही, कारण जास्त काम म्हणजे जास्त ऑक्सिजन, जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त रक्त, आणि प्रत्येक लिटरमागे तोच एक अंश.

मग दहा अंश कुठून आले?

ट्यूनाने केलं काय, तर स्नायूकडे जाणाऱ्या थंड रोहिणी आणि स्नायूकडून येणाऱ्या गरम नीला केसासारख्या बारीक करून एकमेकींना खेटून, विरुद्ध दिशांनी नेल्या. परत येणारं गरम रक्त आपली उष्णता कल्ल्यात न नेता वाटेतच जाणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. या जाळ्याला लॅटिनमध्ये 'रेटे मिराबिले' म्हणतात, अर्थ : अद्भुत जाळं. आपल्या भाषेत काउंटर फ्लो हीट एक्स्चेंजर.

समजा त्याची इफेक्टिव्हनेस ०.९ आहे. स्थिर अवस्थेचा उष्णतेचा ताळेबंद मांडला तर स्नायू आणि पाणी यांच्या तापमानातला फरक एक भागिले (एक वजा इफेक्टिव्हनेस) इतका येतो. इफेक्टिव्हनेस शून्य तर फरक १ अंश, म्हणजे आपला बांगडा. ०.९ तर १० अंश. ०.९५ तर २० अंश. मोठ्या ब्लूफिनमध्ये थंड पाण्यात खरोखरच वीस अंशांच्या आसपास फरक मोजला गेला आहे.

आता परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचं (सर हसतील). जाणारं आणि येणारं रक्त सारखंच, म्हणून कपॅसिटी रेशो एक. अशा वेळी पॅरलल फ्लोमध्ये इफेक्टिव्हनेस ०.५ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे रक्तवाहिन्या एकाच दिशेने नेल्या असत्या, तर कितीही हजार वाहिन्या घातल्या तरी फरक फक्त दोन अंशांचा राहिला असता. काउंटर फ्लोमध्ये मात्र इफेक्टिव्हनेस म्हणजे एनटीयू भागिले (एक अधिक एनटीयू), आणि ते वरच्या सूत्रात टाकलं की तापमानाचा फरक सरळ १ अधिक एनटीयू इतका निघतो. वीस अंश हवेत तर एनटीयू १९ पाहिजे. एवढा एनटीयू म्हणजे प्रवाहाच्या मानाने अफाट पृष्ठभाग, आणि म्हणूनच हजारो बारीक वाहिन्या. हे समीकरण मी स्वतः मांडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि रूममेटला उठवून दाखवलं. तो काय म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही.

डिझाइनमधल्या बाकीच्या गोष्टीही बघण्यासारख्या आहेत. बहुतेक माशांत सतत पोहण्याचा लाल स्नायू कातडीखाली, कडेला असतो, म्हणजे पाण्याला चिकटून. ट्यूनात तो आत, कण्याजवळ सरकलेला आहे. भोवती पांढऱ्या मांसाचं जाड लॅगिंग, आणि तिथून स्नायूबंध थेट शेपटीला जोडलेले. त्यामुळे अंग फारसं न वळवळता फक्त शेपूट सपासप हलते. ट्यूनाला तोंड उघडं ठेवून पुढे जातच राहावं लागतं, कारण कल्ल्यांवरून पाणी ढकलणारा वेगळा पंप त्याच्याकडे पुरेसा नाही. थांबला की गुदमरला. वेगात पोहताना पाठीवरचा पर खाचेत मिटून बसतो. उंच मागचा पर कसा उभा-आडवा होतो हे २०१७ साली उघड झालं : तिथे लसिकेच्या नळ्यांमधून द्रव ढकलून चालणारी चक्क हायड्रॉलिक यंत्रणा निघाली.

आणि एक कच्चा दुवाही आहे. हृदय! त्याला जाळ्याचा फायदा मिळत नाही. कल्ल्यांतून थेट आलेलं रक्त त्याला मिळतं, म्हणून हृदय पाण्याच्याच तापमानाला. गरम इंजिनाला थंड पंपाने रक्त पुरवायचं. मासा थंड पाण्यात खोल बुडी मारतो तेव्हा ठोके मंदावतात. ब्लूफिनचं हृदय या थंडीत इतर ट्यूनांपेक्षा जास्त तग धरतं, म्हणून तो सगळ्यात थंड पाण्यात जाऊ शकतो.

उलट बाजूही सांगायला हवी. गरम पाण्यात गळाला लागलेला ट्यूना तासभर झगडला की उष्णता बाहेर जायची कुठून? मांस आतल्या आत फिकट, पाणचट होतं. व्यापारी त्याला 'जळलेला ट्यूना' म्हणतात आणि भाव पाडतात. आपल्याकडे कुप्याचा भाव पडतो तो त्याहून साध्या कारणाने, बर्फाअभावी. मेल्यावरही आतला मासा गरम असतो. लगेच थंड केला नाही तर बांगड्यापेक्षा लवकर खराब होतो. आईला येणारा वास बहुधा माशाचा नसून होडीवरच्या अपुऱ्या बर्फाचा असावा, पण हे घरी सांगायची अजून हिंमत झालेली नाही.

जावाच्या दक्षिणेला जन्म

एवढी खटपट कशासाठी? याचं उत्तर दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं, आणि पुढची सगळी गोष्ट याच माशाची आहे.

हा मासा जगात एकाच जागी अंडी घालतो : इंडोनेशियाच्या जावा बेटाच्या दक्षिणेला, हिंदी महासागराच्या कोमट पाण्यात. पिल्लं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरतात आणि उन्हाळे ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या दक्षिणेकडच्या विशाल उपसागरात काढतात. मोठे झाले की दक्षिण आफ्रिकेपासून न्यूझीलंडपर्यंतच्या थंड, खवळलेल्या, खाद्याने भरलेल्या समुद्रात फिरतात. वयात येईपर्यंत साधारण दहा वर्षं जातात. मग पुन्हा जावापर्यंतचा प्रवास. आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत, वजन दोनशे किलोंपर्यंत. गरम पाण्यात जन्म आणि थंड पाण्यात जेवण, ही सोय त्या एक्स्चेंजरमुळेच जमते.

त्याच गुणांनी त्याचा घात केला. थंड पाण्यात राहणारा म्हणून चरबीदार, आणि चरबीदार म्हणून जपानमध्ये कच्चा खाण्यासाठी सोन्याच्या भावाचा. दूरच्या समुद्रात जाणारी जपानी जहाजं शंभर किलोमीटरपर्यंत लांब दोरी सोडतात, तिला अडीच-तीन हजार गळ. पकडलेला मासा जहाजावरच उणे ६० अंशांना गोठवतात. उणे २० ला मांसाचा लाल रंग महिनोन्‌महिने टिकत नाही, काळवंडतो. उणे ६० ला टिकतो. म्हणजे रेफ्रिजरेशनवाल्यांनी एक समस्या सोडवली आणि माशाची दुसरी सुरू झाली.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला ८० हजार टनांपर्यंत हा मासा पकडला गेला. मग पकड घसरत गेली. १९८९ पासून ऑस्ट्रेलिया, जपान आणि न्यूझीलंड यांनी मिळून ११,७५० टनांची मर्यादा घातली आणि १९९४ मध्ये या एकाच माशासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला. मुख्यालय कॅनबेराला. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. मासा मात्र वाढेना.

का वाढेना, ते समजायला थोडं गणित लागतं, आणि ते गणितही ट्यूनाचंच आहे. १९५० च्या दशकात मिल्टन शेफर हा शास्त्रज्ञ पूर्व पॅसिफिकमधल्या यलोफिन ट्यूनावर काम करत होता. त्याने मांडलेलं मॉडेल आजही मत्स्यविज्ञानाच्या पहिल्या धड्यात असतं. साठ्याची वार्षिक वाढ = वाढीचा दर × साठा × (१ − साठा भागिले समुद्रात मावेल तो कमाल साठा). मासे फार कमी असतील तर वाढवणारेच कमी, फार जास्त असतील तर खायला अपुरं. वाढ सर्वांत जास्त मधोमध, कमाल साठ्याच्या निम्म्यावर.

आकडे घालून बघू (हे आकडे समजण्यापुरते). कमाल साठा १००० टन, दर ०.२. साठा ५०० असताना वर्षाची वाढ ५० टन. तेवढेच काढले तर व्याजावर जगणं झालं. पण ५० ऐवजी ५५ काढत राहिलो तर? पहिल्या वर्षी काहीच जाणवत नाही. साठा ४९५ होतो, वाढ अजून जवळजवळ ५० च. पुढच्या वर्षी तूट थोडी वाढते, आणि मग उतरण लागते. साठा २०० ला आला की वाढ ३२, पन्नासवर आला की फक्त साडेनऊ. मुद्दल संपत आल्यावर व्याजही नाही. आणि आपला मासा दहाव्या वर्षी वयात येतो! आज सोडून दिलेलं पिल्लू आई होईल तेव्हा आपल्यातले बहुतेक जण नोकरीत कुठल्या तरी प्रोजेक्टचे मॅनेजर असतील. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांच्या भाषेत, दहा वर्षांचा डेड टाइम असलेली सिस्टिम.

आणि सेन्सर? तो तर खोटाच निघाला. समुद्रात किती मासे आहेत हे मोजत होते 'हजार गळांमागे किती मासे लागले' यावरून. पण कॅप्टन काही आंधळेपणाने गळ टाकत नाही. जिथे मासे असतात तिथेच जातो. साठा निम्मा झाला तरी उरलेले मासे जिथे गोळा होतात तिथे पकड तेवढीच येते. टाकी रिकामी होतेय आणि काटा 'फुल'वरच. शिवाय हे आकडे जहाजांनीच कळवायचे.

२००६ मध्ये आयोगापुढे जपानच्या बाजारपेठेचा स्वतंत्र आढावा आला. बाजारात जेवढा दक्षिणी ब्लूफिन विकला गेला होता तो कळवलेल्या पकडीशी जुळत नव्हता, आणि फरक थोडाथोडका नव्हता. अनेक वर्षं मोठी पकड नोंदीबाहेर होत असावी असा निष्कर्ष निघाला. जपानने आपला वाटा ६,०६५ वरून ३,००० टनांवर आणणं मान्य केलं. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीवरही प्रश्न उठले. तिथे लहान ट्यूना मोठ्या वर्तुळाकार जाळ्याने पकडतात, पिंजऱ्यात घालून हळूहळू ओढत पोर्ट लिंकनला आणतात आणि सार्डिन खाऊ घालून जाड करून विकतात. पिंजऱ्यात किती टन मासा शिरला हे फक्त चाळीस माशांच्या नमुन्यावरून ठरवत असत. सॅम्पलिंग एररवर एक अख्खं प्रॅक्टिकल इथे होऊ शकेल.

गुन्हेगार कोण यापेक्षा मला यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. खोट्या आकड्यांनी फक्त कोटा मोडला नाही, तर शास्त्रज्ञांचं मोजमापच बिघडवलं. पकड खोटी तर गळांमागची पकड खोटी, ती खोटी तर साठ्याचा अंदाज खोटा, आणि त्या अंदाजावर पुढचा कोटा. फीडबॅक लूपमध्ये सेन्सरच लाच खात असेल तर कंट्रोलर कितीही हुशार असून उपयोग काय?

२००९ मध्ये मर्यादा ९,४४९ टनांवर खाली आणली. २०११ च्या सुमारास अंडी घालणारा साठा मूळच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास उरल्याचा अंदाज होता.

डोकी न मोजता डोकी मोजणं

इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. समुद्रातले प्रौढ मासे मोजायचे, तेही कॅप्टनच्या शब्दावर विसंबून न राहता. कसे?

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत मार्क ब्रॅव्हिंग्टन आणि सहकाऱ्यांनी विचार केला तो असा. प्रत्येक पिल्लाला बरोबर दोन पालक असतात. एक आई, एक बाप. समुद्रात प्रौढ मासे एकूण 'न' असतील, तर यादृच्छिकपणे उचललेला एक प्रौढ त्या पिल्लाचा पालक असण्याची शक्यता दोन भागिले 'न'. आता पोर्ट लिंकनला येणाऱ्या पिल्लांचे आणि बालीच्या बेनोआ बंदरात उतरणाऱ्या प्रौढांचे डीएनए नमुने घ्या. प्रत्येक पिल्लू प्रत्येक प्रौढाशी ताडून बघा. जितक्या जोड्या जुळतील त्यावरून 'न' काढा. जोड्या जास्त तर साठा लहान, जोड्या कमी तर साठा मोठा.

त्यांनी सुमारे चौदा हजार मासे तपासले. जोड्या सापडल्या ४५. नमुने निम्मे-निम्मे होते असं समजून ढोबळ हिशेब करू : दोन गुणिले सात हजार गुणिले सात हजार, भागिले ४५. उत्तर सुमारे बावीस लाख. खऱ्या हिशेबात बऱ्याच दुरुस्त्या आहेत. मोठी मादी जास्त अंडी घालते, म्हणून तिची पिल्लं सापडण्याची शक्यता जास्त, काही प्रौढ पिल्लू जन्मल्यानंतर मरतात, वगैरे. पण गाभा एवढाच, आणि तो बारावीच्या प्रोबॅबिलिटीचा आहे. इथे मेलेले मासेच साक्ष देतात, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. हे काम २०१६ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालं.

पिल्लांसाठी दुसरी युक्ती. दोन वर्षांचे मासे पकडून मांसाचा कणभर नमुना घ्यायचा आणि सोडून द्यायचं. पुढच्या वर्षी पिंजऱ्यांतून काढलेल्या माशांचे नमुने घेऊन जुन्या डीएनएशी ताडायचे. पूर्वी यासाठी माशाला प्लॅस्टिकची खूण टोचत, आणि ती सापडल्यावर कोळ्याने परत पाठवली तरच उपयोग. डीएनएची खूण पडत नाही आणि कुणी लपवूही शकत नाही. शिवाय २०१० पासून पकडलेल्या प्रत्येक दक्षिणी ब्लूफिनच्या अंगाला क्रमांकाची पट्टी आणि सोबत कागदपत्रं सक्तीची झाली आहेत.

सेन्सर सुधारला, मग कंट्रोलर. २०११ मध्ये आयोगाने 'बाली पद्धत' स्वीकारली. तोपर्यंत दरवर्षी कोट्यावर घासाघीस व्हायची, शास्त्रज्ञ एक आकडा सांगायचे आणि देश दुसऱ्यावर तडजोड करायचे. आता नियम आधीच ठरला : अमुक मोजमाप आलं तर कोटा तमुक. मोजमाप चुकलं, पिल्लांची काही वर्षं वाईट गेली, काही मासे चोरले गेले, अशा शक्यता कॉम्प्युटरवर चालवून, म्हणजे आपल्या भाषेत सिम्युलेशन करून, नियम पारखून घेतला. कोटा तीन-तीन वर्षांसाठी ठरतो आणि एका वेळी ३,००० टनांपेक्षा जास्त वर-खाली होत नाही. कंट्रोलवाल्यांना ही रेट लिमिट लगेच ओळखू येईल. डेड टाइम मोठा असताना कंट्रोलरने घाई केली तर काय होतं हे आपण लॅबमध्ये पाहिलंय. २०१९ मध्ये याची जागा 'केप टाउन पद्धती'ने घेतली. तिच्यात वरचे दोन्ही डीएनएचे आकडे थेट इनपुट म्हणून जातात.

परिणाम दिसला. २०२३ च्या मूल्यमापनात साठा मूळच्या २३ टक्क्यांवर आला होता. कोटा २०१५ ते १७ साठी १४,६४७ टन, २०१८ ते २३ साठी १७,६४७, आणि २०२४ ते २६ साठी २०,६४७. वजाबाकी करून बघा, प्रत्येक वेळी बरोबर ३,०००. २०२१ मध्ये आययूसीएनने या माशाला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं. एक पायरी वर, यादीबाहेर नाही. २३ टक्के म्हणजे मूळच्या चौथाईपेक्षाही कमी, हे विसरून चालणार नाही. शिवाय लांब दोरीच्या गळांना अडकून अल्बाट्रॉस पक्षी मरतात तो प्रश्न आहेच. रात्री गळ टाकणं, दोरीला वजन लावणं, पक्षी घाबरतील अशा झालरी लावणं, हे उपाय माहीत आहेत. मधल्या समुद्रात ते पाळले जातात की नाही हे पाहणारा नेहमी जहाजावर असतोच असं नाही. आणि पिंजऱ्यातला ट्यूना एक किलो वाढायला दहा किलोंहून जास्त सार्डिन खातो, तो हिशेब वेगळाच.

मिरकरवाड्याला

हे सगळं वाचून दिवाळीच्या सुट्टीत मिरकरवाडा बंदरावर गेलो. लिलाव चालू होता. एका ढिगात लांबट अंगाचे मोठे ट्यूना, शेजारी पाठीवर तिरक्या काळ्या रेषा असलेले छोटे. पहिले लाँगटेल, दुसरे कावाकावा, इतपत पुस्तकातली चित्रं बघून ओळखता आलं. लिलाववाल्याला दोन्ही सारखेच.

लाँगटेल हा किनाऱ्याजवळ राहणारा ट्यूना. इराण, पाकिस्तान, ओमान, भारत, इंडोनेशिया असे कितीतरी देश तो पकडतात, बराचसा उभ्या टाकलेल्या, कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्यांनी. हिंदी महासागराच्या ट्यूना आयोगाने, ज्याचा भारत सदस्य आहे, २०२० मध्ये केलेल्या मूल्यमापनात याची पकड प्रमाणाबाहेर आणि साठा असायला हवा त्यापेक्षा कमी असल्याचं आढळलं. ते मूल्यमापनही मुख्यतः कळवलेल्या पकडीच्या आकड्यांवर. डीएनएच्या जोड्या नाहीत, क्रमांकाच्या पट्ट्या नाहीत, केप टाउनसारखा नियम नाही. सशिमीच्या भावात विकल्या जाणाऱ्या माशावर एवढा खर्च परवडतो, किलोला शे-दोनशे रुपयांच्या माशावर कोण करणार, हे मला समजतं. पण लाँगटेलचाही हीट एक्स्चेंजर तितकाच चोख आहे, आणि शेफरचं समीकरण भाव विचारत नाही.

मी एका काकांना विचारलं, "काका, पूर्वीपेक्षा कुपा कमी लागतो का?" ते जाळ्याची गाठ सोडवत म्हणाले, "लागता तेवढोच. पण आता जावचा लागता लांब. पूर्वी सकाळी जावन दुपारच्याक परत येय, आता दुसरो दिवस उजाडता." गळांमागची पकड तीच, अंतर मात्र वाढलेलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं आहे का, म्हणून विचारलं तर हसले आणि म्हणाले, "इचारूक कोण येता?"

पलीकडे एक माणूस वहीत नोंद करत होता. डोकावून पाहिलं. तारीख, होडीचा नंबर, आणि पुढे एकच शब्द : कुपा, ३ टोपल्या. कुठला कुपा ते नव्हतं. येताना दीड किलोचा एक घेतला. घरी आईने कण्याजवळचा काळा पट्टा काढला तेव्हा या वेळी मी तो मांजराला जाऊ दिला नाही. पाण्यात धुऊन, भिंगाखाली धरून बघितला. कण्याच्या खालच्या बाजूला, लाल मांसात शिरणाऱ्या त्या बारीक वाहिन्यांचा जुडगा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. मांजर दाराशी बसून माझ्याकडे बघत होतं.